दहा वर्षं टिकणारी बॅग

अकरा फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कर्तव्य बजावत असताना, माझ्या बॅगेचा पट्टा तुटला. बॅगेत सरकारी लॅपटॉप होता आणि बॅगेखाली मेंढा क्रमांक २१७ होता. लॅपटॉप आधी मेंढ्याच्या पाठीवर पडला आणि तिथून गोठलेल्या चिखलात. मेंढ्याला इजा नाही, लॅपटॉपच्या एका कोपऱ्याला तडा. माझ्या काळजाचं काय झालं, यासाठी नुकसानीच्या अर्जात रकाना नव्हता.

मी तोरेबेक. आमच्या तालुक्याच्या पशुगणना कार्यालयात मोजणीदार आहे. चौदा गावांतली मेंढरं, गाई, घोडे आणि एक हट्टी उंट मोजायचे, प्रत्येकाच्या कानातला बिल्ला यंत्राने वाचून लॅपटॉपमध्ये भरायचा आणि वीस मार्चला संध्याकाळी सहाच्या आत सगळं राजधानीच्या पोर्टलवर चढवायचं, हे माझं काम. नोकरी लहान आहे, पण एकुलती एक आहे.

आमचे साहेब सागिंदिक. वडीलधाऱ्याचं अख्खं नाव तोंडावर घ्यायचं नसतं, म्हणून सगळं गाव त्यांना साके म्हणतं. साकेंनी लॅपटॉप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“कितव्यांदा पडला?”

“तिसऱ्यांदा, साके. पण या वेळी मेंढ्यावर.”

“चौथ्यांदा पडला तर ज्याच्या हातून पडेल तो त्याच दिवशी घरी बसेल. कोण आहे, कुणाचा कोण, काही बघणार नाही. लेखी काढतो.”

आणि काढलंच की! सही, शिक्का, दारावर प्रत. सोबत दुसरा आदेश: प्रमाणित टिकाऊ बॅग मिळेपर्यंत लॅपटॉप कार्यालयाबाहेर जाणार नाही. तो भांडारप्रमुख कुल्यान आपाय, म्हणजे कुल्यानताई, यांच्या ताब्यात राहील. कुल्यान आपायनी लॅपटॉप खडूच्या खोक्यांमागे ठेवला आणि किल्ली गळ्यात अडकवली. ती किल्ली त्यांच्या नवऱ्यालाही कधी मिळालेली नाही.

आता पाच गावं मोजायची राहिली होती. लॅपटॉप मेंढरांकडे जाऊ शकत नव्हता, म्हणून मेंढरं लॅपटॉपकडे आली. चार दिवस आमच्या अंगणात पाच गावांची जित्राबं खिडकीखाली रांगेत उभी होती, उंट रांग मोडत होता आणि मी खिडकीतून वाकून कान वाचत होतो. मोजणी झाली, झकास झाली. फक्त जाता जाता शेळ्यांनी इंटरनेटची तार खाल्ली. नवी तार मे महिन्यात येईल असं कळलं. म्हणजे वीस मार्चला लॅपटॉप घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला पोस्टात जाणं आलं, म्हणजेच बॅग आली. बॅग नाही तर पोर्टल नाही, पोर्टल नाही तर नोकरी नाही. आलिया भोगासी म्हणत मी अर्ज लिहिला: “खांद्यावर आडवी अडकवता येईल अशी, झाकणाची, लॅपटॉप, चार्जर, वही, थर्मास व यंत्र मावेल अशी एक टिकाऊ बॅग मिळावी.”

समिती नेमली गेली. अध्यक्ष साके, सदस्य कुल्यान आपाय आणि आमचा संगणकवाला झासुलान. पहिल्याच बैठकीत ‘टिकाऊ’ शब्दावर गाडी अडली.

“टिकाऊ म्हणजे किती?” साकेंनी विचारलं.

“दहा वर्षं,” झासुलान म्हणाला. तो अजून अविवाहित होता, त्याला दहा वर्षं थोडी वाटत.

“मग वापरून बघितल्याशिवाय कसं कळणार? सही मी करणार आहे.”

“साके, दहा वर्षं वापरून बघायची तर मी निवृत्त होईन,” मी म्हणालो.

“घाई फार आहे तुला, तोरेबेक. म्हणूनच वस्तू पडतात तुझ्या हातून.”

तेव्हा कुल्यान आपायनी चहाची वाटी खाली ठेवली आणि ज्या वाक्याने पुढचा सगळा घोळ झाला ते वाक्य उच्चारलं. “एका तोईत बॅगेला जेवढं सोसावं लागतं ना, तेवढं कार्यालयात वर्षभरात नाही सोसावं लागत. दहा तोई करा. झाली दहा वर्षं.”

मग साके उठले आणि त्यांनी आपायना अभिवादन केलं.

तोई म्हणजे आमची मेजवानी. पाळणा, लग्न, मुलाचं पहिलं पाऊल, काहीही पुरतं. तोईहून निघताना ताटातलं मांस, बाऊरसाक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मिठाई अशी उरल्या जेवणाची शिदोरी बांधून घरी न्यायचीच असते, तिला सारकीत म्हणतात. पाहुणा रिकाम्या हाताने उठला तर यजमानाचा अपमान, आणि रिकाम्या हाताने घरी पोचला तर पोरांचा. आजवर मोठे अधिकारी सारकीत नेताना जरा लाजायचे. फुलाफुलांची प्लास्टिकची पिशवी कोटाच्या आत लपवून, पोट सुटल्यासारखे चालत गाडीपर्यंत जायचे. आता लाज संपली. आता ती चाचणी होती.

चिमकेंत शहराच्या बाजारातून तीन नमुने आले: एक चामड्याची, एक मेणकापडाची आणि एक काळ्या जाड नायलॉनची. मी तिघींच्या शिवणी ओढून पाहिल्या, बक्कल उघडून-मिटून पाहिले, खांद्यावरची गादी दाबली. नायलॉनवालीला पाठीमागे मऊ अस्तराचा बंद कप्पा होता, माझ्या लॅपटॉपच्या मापाचा. जीव जडला हो माझा त्या कप्प्यावर!

चामड्याची बॅग आपायच्या भाचीच्या पाळण्याला गेली. अहवाल असा: “वर्ष पहिले. भार नऊ किलो. दिसायला रुबाबदार. परतीच्या वाटेवर सहा कुत्री मागे लागली, पैकी दोन अजून कार्यालयाच्या दारात आहेत. बाद.” मेणकापडाची बॅग साकेंबरोबर लग्नाला गेली. “वर्ष दुसरे. रस्सा पाझरला. अध्यक्षांची विजार गेली. बाद.”

मी प्रत्येक अहवालात एकच रकाना शोधायचो: लॅपटॉप ठेवून पाहिला का? आपायनी तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, “जागा नव्हती.”

“आपाय, बॅग लॅपटॉपसाठी आहे ना?”

“मग? मी कुठे नाही म्हणते?”

“मग लॅपटॉप ठेवून बघायला नको?”

“हे बघ बाळा, लॅपटॉप काय शिळा होतो का? मांस घरी पोचलं नाही तर वर देव विचारेल. लॅपटॉप पोचला नाही तर फक्त साके विचारतील.”

कपाळ माझं! मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मेरुएर्त कणीक लाटत होती. “घरधनी,” ती म्हणाली, “सगळं गाव चाचणीला जातंय आणि आपण तेवढे घरी उकडलेले बटाटे खातोय. ज्याची बॅग त्यालाच आमंत्रण नाही. एक साधी चाचणी जमत नाही तुम्हाला?”

नायलॉनची बॅग मात्र टिकली. मऊ कप्प्यात घोड्याच्या मांसाचं सॉसेज वेटोळं करून अगदी चपखल बसलं आणि घरी पोचलं तेव्हा गरम होतं. साके भारावून म्हणाले, “बनवणाऱ्याने काय विचार केलाय!” अडचण एकच. आधीच्या दोन वर्षांचा अनुभव बाद बॅगांबरोबर बाद झाला, म्हणून नायलॉनला पहिल्यापासून दहा वर्षं काढणं भाग होतं. सरत्या हिवाळ्यात एवढ्या तोई आणायच्या कुठून?

शासनाने ठरवलं तर काय होत नाही! टंकलेखिकेला गाडीचा परवाना मिळाला, त्याची तोई झाली. साकेंच्या मेव्हण्याचा मुतखडा पडला, त्याचीही झाली. उंटाची अखेर नोंद झाली, तिला तर दोनशे माणसं आली आणि उंट पुन्हा रांग मोडून बसला. तरी दोन वर्षं कमी पडत होती. तेव्हा झासुलानने कार्यालयाची निकड ओळखून, जिच्याकडे तो तीन वर्षं नुसता बघत होता त्या पोस्टातल्या मुलीला मागणी घातली. सोयरिकीची जेवणं दोन्हीकडे झाली, म्हणून दोन वर्षं धरली. मुलगी हो म्हणाली तेव्हा झासुलानने तिला आधी बॅगेचं वजन विचारलं, असं तिची आई अजून सांगते.

एकोणीस मार्चला बॅग दहा वर्षांची झाली. शेहेचाळीस पानी अहवालाचा निष्कर्ष होता, “अत्यंत टिकाऊ. खरेदीस शिफारस.” मी आनंदाने पान उलटलं तर खाली अट होती, “बॅगेत लॅपटॉप ठेवू नये. त्याच्या टोकदार कोपऱ्यांनी कप्प्याचं अस्तर फाटून बॅगेच्या टिकाऊपणास बाधा येईल.”

मी साकेंचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. “साके, उद्या शेवटचा दिवस. माझी नोकरी जाईल हो!”

साके द्रवले. एक दिवसापुरती सूट मिळाली. पण दहा वर्षांची बॅग कुणी कोरडीच हातात देतं का? तिच्या सुपूर्दीची तोई वीस तारखेला दुपारी आपायच्या घरी ठरली, या वेळी सपत्नीक. “जेव, बॅग घे आणि तसाच पोस्टात जा,” साके म्हणाले.

बेशबरमाकची, म्हणजे उकडलेलं मांस आणि कणकेच्या पट्ट्यांची परात आली. साकेंनी हात उंचावून बॅगेला आशीर्वाद दिला, तिचा पट्टा कधी तुटू नये, तिची चेन कधी अडकू नये. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. लॅपटॉप त्या मऊ कप्प्यात सरकवला तेव्हा ‘सुप्प’ असा आवाज झाला. तीन वाजता मी बॅग खांद्याला लावून उठलो.

“हे काय?” आपाय दारात आडव्या. “माझ्या घरातून ही बॅग सारकीत न घेता जाणार? दहा वर्षांत असं झालं नाही.”

“आपाय, आत लॅपटॉप आहे.”

“मग काढ की मिनिटभर. मी नीट रचून देते.”

मी मेरुएर्तकडे पाहिलं. ती सॉसेजकडे पाहत होती. महिनाभराच्या उकडलेल्या बटाट्यांची शपथ घेऊन सांगतो, मीच काढला लॅपटॉप. माझ्या हाताने! जेवणाच्या दस्तरखानवर ठेवला, मिनिटभर, शेलपेकच्या म्हणजे तळलेल्या पातळ पोळ्यांच्या चवडीशेजारी. आपायनी बॅग भरली. मेरुएर्तने वर जर्दाळू कोंबले. सगळे एकाच वेळी निरोप घेऊ लागले, सगळ्यांच्या पिशव्या एकाच वेळी भरल्या जाऊ लागल्या. साडेचारला मी बॅग उचलली तर ती इतकी जड होती, की लॅपटॉप आत आहे याची खात्रीच पटली.

पोस्टात झासुलानच्या होणाऱ्या बायकोने खिडकी उघडली. मी रुबाबात मऊ कप्प्याची चेन ओढली आणि तिच्यासमोर फूटभर सॉसेज ठेवलं.

“हे पोर्टलवर चढणार नाही, आगा,” ती म्हणाली.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढ्यात फोन वाजला. साके होते, आवाज खाली.

“तोरेबेक, माझ्या हातून पिशवी घरच्या जिन्यावरून पडली, आत काहीतरी आपटलं. मला वाटलं शेलपेक असेल. पण शेलपेकचा असा आवाज येत नाही.”

मी पळत पोचलो. जिन्याच्या तळाशी फुलाफुलांची प्लास्टिकची पिशवी, तीत तुपकट पोळ्यांच्या चवडीत माझा लॅपटॉप. बटण दाबलं. सुरू झाला! चौदा गावं शाबूत, उंटसुद्धा. मी आणि साकेंनी एकमेकांकडे पाहिलं. चौथ्यांदा पडला होता, आणि ज्याच्या हातून पडला होता त्याचा शिक्का कार्यालयाच्या दारावर होता.

“हे पडणं कशात धरायचं?” साकेंनी बारीक आवाजात विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात कुणाची तरी नोकरी होती. मेंढा क्रमांक २१७ची शपथ, मजा आली.

“चाचणीत धरू, साके. वर्ष अकरावं. पिशवी प्लास्टिकची, शिवण नाही, बक्कल नाही, किंमत नाही. निकाल उत्तम.”

साकेंनी मला मिठी मारली. पोस्टात परतेपर्यंत सहा वाजून गेले, पण पोर्टलची चिंता फुकट गेली, कारण ते बंद झालंच नव्हतं. राजधानीत ते बंद करणारा माणूस तोईला गेला होता.

तेव्हापासून लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीतून हिंडतो आणि बॅग तोईंना जाते. माझी नोकरी कायम झाली, पद ‘बॅग-प्रमुख’. मेंढरं आता कोण मोजतं ते मला ठाऊक नाही आणि अजून कुणी विचारलेलंही नाही.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमची ती लॅपटॉपसाठी म्हणून पारखून, दहा जणांना विचारून घेतलेली बॅग जवळच असेल. तिचा पाठीमागचा, मऊ अस्तराचा कप्पा जरा उघडा आणि आत हात घाला. मी थांबतो. लागला का बोटांना लाडवाचा चुरा?