अमीनभाईच्या दारावरचं कुलूप

नाना ओव्हरसियर माणसाच्या आधी त्याचं दार बघत. आम्ही भिंगारला राहायला गेलो त्या दिवशी आमचं सामान अजून टांग्यातच होतं, आणि काळी टोपी घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ आमच्या दाराशी उभे राहून कोयंडा अंगठ्याने हलवून बघत होते. माझे यजमान म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"स्क्रू गंजलेत," ते म्हणाले. "एका हिसक्यात हातात येईल. सामान लावून झालं की समोर या. कुलूप कशाला म्हणतात ते दाखवतो."

मी नवी नवरी. मला वाटलं, गावात पाऊल टाकलं नाही तोच चोर येऊन दाराची पाहणी करून गेला.

नाना लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर आणि त्या घरात बघण्यासारखी एकच वस्तू. दाराच्या आतल्या अंगाला बसवलेली वीतभर लांबीची काळी लोखंडी पेटी, तिला पितळी मूठ आणि बोटाएवढी जाड किल्ली. कॅम्पातला एक जुना बंगला पाडताना नानांनी हे कुलूप साहेबाकडून मागून घेतलं होतं. मूठ ते रोज चिंचेने घासत. त्यांच्या जेवणाच्या ताटाला तेवढी चमक कधी नव्हती.

कुणीही घरात आलं की नाना व्याख्यान देत. "आधी काय होतं? अडसर. आत माणूस असला तरच उपयोगाचा. मग कडी-कोयंडा आला, त्याला बाहेरून कुलूप आलं. ते लोंबतं. लोंबतं कुलूप म्हणजे काय? रस्त्याने जाणाऱ्याला ओरडून सांगणं, की बाबा, घरात कुणी नाही, ये! आणि हे बघा. हे आतून फळीवर बसतं. बाहेर नुसतं किल्लीचं भोक. दार पोखरायला नको, चौकट फोडायला नको. स्क्रू पिळले की झालं. साहेबाची बदली झाली की मेमसाहेब, कुत्रा आणि कुलूप, तिघं एका गाडीत!"

मग ते आम्हाला बाहेर रस्त्यावर उभं करत, दार ओढून किल्ली फिरवत आणि विचारत, "सांगा, आत माणूस आहे का नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही तर इथे आहात."

"मी आहे हे विसरा हो!" नाना चिडले. "दार बघून सांगा!"

"लोंबतं ते सगळं खोटं" हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी कुलपापुरतं ठेवलं नव्हतं. झुपकेदार मिशा, घड्याळाची साखळी, वकिलाचा डगला, सगळं त्यात येई. एकदा माझ्या मंगळसूत्राकडे बघून क्षणभर थांबले, पण तेवढं त्यांनी सोडून दिलं.

हे पालुपद सर्वांत जास्त ऐकावं लागे ते अमीनभाईला. अमीनभाई शिंपी आमच्या शेजारीच, म्हणजे नानांच्या बरोबर समोर राहत. गोल, संथ, कायम दोऱ्याचे तुकडे अंगावर चिकटलेले. लढाईच्या वर्षांत त्यांना खाकी कपड्यांचं इतकं काम होतं, की मशीन दिवसभर थांबत नसे. बाहेर जाताना मात्र ते दाराला नगरच्या बाजारातून आणलेलं मोठं पितळी कुलूप लावत, आणि समोर नाना उभेच असत.

"अमीन, तुझं ते लिंबू लोंबायला लागलं का परत?"

"नाना, माझ्या घरात चोरायला काय हाय? मशीन हाय. ती उचलायला दोन गडी लागत्यात. एकटा चोर आला तर मलाच हात लावावा लागंल."

"मूर्ख आहेस!"

"व्हय. म्हणून तर तुमच्याशी बोलतो."

एवढं झालं की अमीनभाई हसत निघून जात आणि नाना खरोखरच रागाने थरथरत घरात शिरत. हे रोजचं. अमीनभाईची बायको खैरूनभाभी मला म्हणायची, "या दोघांचंच लगीन लावायला पायजे हुतं. आमी सुटलो असतो."

पुढे लढाई संपली. पलटणी हलल्या, बंगले ओस पडले, बाजार मंदावला. अमीनभाईचं मशीन दिवसातून थोडा वेळच वाजू लागलं. आणि मग सत्तेचाळीस साल आलं. आमच्या गल्लीत कुणी कुणाला काही केलं नाही. पण वर्तमानपत्रं यायची, बाहेरून माणसं यायची, काहीबाही सांगून जायची. खैरूनभाभी दार लावून बसू लागली. एके दिवशी तिचा भाऊ औरंगाबादेहून आला आणि म्हणाला, थोडे दिवस तिकडे चला, इकडचं शांत झालं की या.

निघताना अमीनभाईंनी पितळी कुलूप लावलं आणि किल्ली नानांच्या हातावर ठेवली.

"नाना, जरा लक्ष ठेवा. येतोच मी."

"असल्या कुलपावर लक्ष काय ठेवायचं?" नाना म्हणाले. "दिवाळीच्या आत ये. माझा कोट उसवलाय." टांगा वळला तरी ते वाटेकडे पाठ करून अमीनभाईच्या कोयंड्याशी काहीतरी खाटखूट करत होते.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. अमीनभाई आले नाहीत. दारावरचं कुलूप मात्र येणारे-जाणारे बघू लागले. कुणी विचारी, "हे घर कुणाचं? रिकामंच हाय न्हवं?" एका सकाळी दिसलं, की कोयंडा कुणीतरी पहारीने वाकवला होता. कुलूप निघालं नव्हतं एवढंच.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. दुपारी भर उन्हात ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या दाराशी बसले, ती काळी पेटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि छातीशी धरून समोर नेली. गिरमिटाने अमीनभाईच्या दाराला किल्लीपुरतं भोक पाडलं, पेटी आतून बसवली. पितळी कुलूप दारावरून गेलं. संध्याकाळपर्यंत त्या घराकडे बघून आत कुणी आहे की नाही हे सांगता येईना.

माझे यजमान म्हणाले, "नाना, आणि तुमचं दार?"

"सुतळी बांधीन."

तेव्हापासून नाना सकाळ-संध्याकाळ अमीनभाईच्या घरात जाऊ लागले. चुलीत दोन लाकडं घालत, म्हणजे धूर दिसावा. कंदील लावत. आणि मोठमोठ्याने भांडत. आमच्या मधल्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

"अमीन, गळ्याचं माप चुकलंय तुझं! ... काय? ... मला शिकवू नकोस. ... हो, आहे मी म्हातारा, मग?"

मधेमधे ते थांबत. समोरचा बोलायला जेवढा वेळ घेईल तेवढे बरोबर थांबत. पहिले काही दिवस मी तोंडाला पदर लावून हसले. मग मला ते ऐकवेना.

गल्लीत लोक म्हणू लागले, नानांचं डोकं फिरलं. वाण्याच्या दुकानात त्यांना कुणी विचारी, "काय नाना, आज कोण जिंकलं?" नाना पुडी उचलून चालू लागत.

एकदा दिवेलागणीला अनोळखी माणसं आली. चौघे-पाच जण असावेत. अमीनभाईच्या दाराशी थांबली. मी खिडकीत होते. यजमान अजून ऑफिसातून आले नव्हते.

"हेच ना त्या शिंप्याचं? गेलाय म्हणत्यात."

"धूर तर निघतोय."

एकाने दारावर लाथ मारली. आतून नानांचा आवाज आला, "अमीन, तू शिवत राहा! दार मी बघतो!" आणि मशीन सुरू झालं. कितीतरी महिन्यांनी. ते खडखडत, अडखळत, पण चाललं. माणसं घुटमळली. आत एक नाही, दोघं आहेत, शिवाय त्यातला एक असा ओरडणारा. आपसांत काही बोलून ती निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी धावत गेले. "नाना, मी आहे, उघडा." बऱ्याच वेळाने किल्ली फिरली. नाना घामाने भिजले होते. मशीनवर एका फडक्याचा गोळा झाला होता आणि त्यांच्या बोटातून रक्त येत होतं.

"बोट शिवलं गेलं," ते म्हणाले. "अमीनला सांगू नका. हसेल."

मी हळद आणायला वळले. ते मागून म्हणाले, "हा माणूस बोट शिवून न घेता दिवसभर कसा शिवत होता हो?"

पुढे, निजामाचं राज्य गेल्यानंतर, थंडीत एका दुपारी टांगा आला. त्यातून खैरूनभाभी एकटी उतरली. हातात एक गाठोडं. हातात बांगड्या नव्हत्या. ते बघूनच मला समजलं. ती आपल्या दाराशी गेली आणि गोंधळून उभी राहिली. तिचं कुलूप तिथे नव्हतं.

नाना समोरून आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि बाजूला झाले. घर झाडलेलं होतं. मशीनवर चादर घातलेली होती. भाभी उंबऱ्यातच बसली आणि तिथेच तिला रडू फुटलं.

मी पाणी आणलं. हळूहळू तिने सांगितलं. पावसाळ्यात तिकडे अमीनभाईंना ताप आला. दवाखाना लांब, रस्ते बंद. आठवडाभरही काढला नाही.

नाना दाराची चौकट धरून उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी तिरकं बोलतील. त्यांना दुसरं बोलणं येत नसे.

"खांदा कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"भावानं. आन् मोहल्ल्यातली माणसं. ओळखीची न्हवती."

"ओळखीचं कुणीच नाही?"

भाभीने मान हलवली.

"मी यायला पाहिजे होतं," नाना म्हणाले. "मी इथे रिकामं घर राखत बसलो, भाभी."

नाना खाली बसले, उंबऱ्याच्या अलीकडे, जमिनीवर. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. डोकं अगदी लहान मुलासारखं दिसत होतं.

"त्याला थंडी फार वाजायची," ते म्हणाले. "तापात तर जास्तच. अंगावर काही होतं ना?"

भाभीने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच सांगितलं, हो म्हण. मग गाठोड्याची गाठ हाताने चाचपत ती म्हणाली, "हुतं. भावानं रजई आणली हुती."

"जाड होती?"

"लई जाड."

"कापसाची?"

"व्हय नाना. नव्या कापसाची."

नाना बराच वेळ मान हलवत राहिले.

"मग बरं," ते म्हणाले.