पांडूतात्यांचा औषधी धूर

आमच्या कशेळ्यात कान दुखला की लोक आधी पांडूतात्यांकडे जात. तात्या बिडीचा मोठा झुरका घेत, दुखणाऱ्याचा कान चिमटीत धरत आणि सगळा धूर आत सोडत. माझ्या दोन्ही कानांत तो गेलेला आहे. गुण आला की नाही आठवत नाही, पण त्यांच्यासमोर 'दुखतंय' म्हणायची हिंमत मला पुन्हा झाली नाही.

धूर वाया घालवणं तात्यांना पटत नसे. डास आले, धूर. भाताच्या कणगीत किडे झाले, धूर. मात्र एकट्यानं ते कधी बिडी ओढत नसत. "एकल्यानं वढली तं लागत नाय रं," म्हणायचे. म्हणून रोज संध्याकाळी चुलीपाशी सखूकाकूंना खेटून बसायचे, तिथल्याच निखाऱ्यावर बिडी पेटवायचे आणि गावभरच्या बातम्या सांगायचे. काकू भाकऱ्या थापत ऐकायच्या, मधूनच खोकायच्या. बायकोला इतकं धरून असणारा दुसरा नवरा गावात नव्हता. त्यावरून मला आमच्या घरी टोमणे बसत.

दोन हजार सालच्या आसपास एका दुपारी काकू छाती धरून खाली बसल्या. टेंपोत घालून आम्ही त्यांना कर्जतला नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "या किती बिड्या ओढतात?"

तात्या खवळले. "माजी बायको बिडीला शिवत नाय." आणि मग मोठ्या अभिमानानं त्यांनी चुलीपाशी बसण्याची हकिगत सांगितली.

डॉक्टरांनी समजावलं, शेजारच्यानं सोडलेला धूरही रक्तात जातो. त्यानं रक्तवाहिन्या आखडतात, आतून खराब होतात, रक्ताच्या गाठी होतात. काकूंच्या हृदयाची एक वाहिनी तुंबली होती, आणि त्यात या धुराचा वाटा असणार.

मी हादरलोच. बिडी न ओढता असं होतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. तात्यांनी खिशातलं बंडल काढून बाकावर ठेवलं आणि स्वतः त्या बाकापासून लांब सरकले.

"म्हंजी मीच केलं?" एवढंच म्हणाले.

काकू वाचल्या. तात्यांची बिडी त्याच दिवशी सुटली. पण वर्ष उलटलं तरी ते ओटीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसत आणि तिथूनच बातम्या सांगत. मी म्हटलं, आता कसली भीती?

"जलमभर वढलीय रं. धूर आजून आत आसंल. तिच्याकं जायचा."

"अवो, भिंतीशी काय बोलता? हिकडं तोंड करा," काकू आतून म्हणाल्या.

तात्यांनी आधी श्वास रोखला, मग तोंड वळवलं. श्वास रोखून बोलता येत नाही. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.