हडळीचे पाय आणि अपूर्णांक

रविवार, १८ ऑक्टोबर २०२०. उपस्थित: मुलं चार, कुमुदताई, मी आणि हडळ एक. मुलं पाचांहून कमी झाली तर वर्ग बंद, असा नियम आहे. नियम करणारी समिती म्हणजे मीच.

हडळ म्हणजे कुमुदताई. गादीची इलॅस्टिकवाली चादर त्यांनी डोक्यावरून ओढली होती, त्यामुळे टोपी घालून पोहायला निघालेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

"हडळीचे पाय कसे?" त्यांनी कॅमेऱ्यात तोंड घालून विचारलं.

"उलटे!" मुलं किंचाळली.

"मग अपूर्णांकाने भागताना त्या अपूर्णांकाचं काय करायचं?"

"उलटा!"

"घाबरलात? छान. आता सोडवा."

चूक माझीच. आमच्या आइंडहोवनच्या ऑनलाइन मराठी वर्गातून मुलं गळायला लागली, म्हणून मी 'हॅलोविन सप्ताह' आखला. तीन रंगांत तक्ता केला. पहिलाच रकाना: भोपळा. कुमुदताई म्हणाल्या, "अगं वीणा, भोपळ्याला कोण घाबरतं? त्याची आपण भाजी करतो."

ताई साताऱ्याला गणित शिकवून निवृत्त झालेल्या. फेब्रुवारीत इथून जवळच न्यूनेनला मुलाकडे दोन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली. तेव्हापासून आमच्या वर्गात मराठीतून गणित शिकवतात. माझ्या एका आठवड्याचा त्यांनी महिना केला, आणि हॅलोविन अजून यायचाच होता. घातांक म्हणजे वेताळ, कारण तो संख्येच्या मानगुटीवर बसतो. मूळ संख्या म्हणजे मुंजा. एक आणि तो स्वतः, तिसऱ्या कोणाचा त्याला भाग जात नाही.

"पण आजी, ही मस्ट बी लोनली!" नऊ वर्षांची मीरा म्हणाली.

"छे गं. अकरा आणि तेरा शेजारीच राहतात. मधल्या बाराकडे चहाला भेटतात."

मीराच्या वडिलांचा फोन आला. "वीणाताई, ती वरच्या मजल्यावर एकटी जात नाहीये." मी यादीत लिहिलं: भुतं, कमाल दोन. ताईंना तसं कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "गृहपाठ करते ना?" करत होती.

तरी मुलं चारच. पुढच्या रविवारी वर्गाआधी पाच मिनिटं काढून वर्ग बंद करतोय, असं ताईंना सांगून टाकायचं ठरवलं. मुद्दे लिहून ठेवले, तीन.

त्या पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासाने मागे गेली. तशी आठवण मी सगळ्या पालकांना पाठवली होती. मग ओव्हनवरचं, न बदललेलं घड्याळ बघून स्वतः तासभर आधी मीटिंग उघडली. बघते तर ताई मीटिंगच्या वेटिंग रूममध्ये ताटकळत होत्या. त्यांना आत घेतलं.

"तुम्हीही विसरलात घड्याळ?" मी खूश होऊन विचारलं.

"नाही गं, माझं बरोबर आहे. मी दर रविवारी याच वेळेला येते. घरात सगळे चांगले आहेत. पण दिवसभर कानात यंत्रं घालून बसतात. हाक मारायची तर आधी हात हलवावा लागतो. इथे पडद्यावर लिहून येतं, थोड्याच वेळात तुम्हाला आत घेतील. ते बघत बसते. बरं वाटतं."

कागदावर माझे तीन मुद्दे होते. मी विचारलं, "आज कुठलं भूत, ताई?"

त्यांनी तासभर सांगितलं.

आता नोव्हेंबर संपत आलाय. पटावर मुलं तीन. 'ताईंना सांगणे' हे काम अजून बाकी आहे.