यथायोग्य मानपान

"याद मी लिहिणार. उद्या भांडण होईल असा एकही शब्द तीत राहायचा नाही," चिमाजी सरांनी वेल्ह्यातल्या घरी सकाळीच जाहीर केलं. पुतणी धनश्रीच्या लग्नाची याद, म्हणजे दोन्ही घरांनी सह्या करायचा कागद. गुंजवण्याचा मुलगा तिनेच पसंत केला होता. भोरला तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला एक कागद काय जड!

"तुमी निस्तं लिवा, शिकवू नका," बायको सगुणाबाई म्हणाली.

संकट पाहुण्यांच्या जीपमधून उतरलं. मुलाचे चुलते मानसिंगराव हेही तत्त्वज्ञानाचेच निवृत्त प्राध्यापक, पण दुसऱ्या घराण्यातले. पश्चिमेच्या तत्त्वज्ञानातली ही दोन घराणी शंभर वर्षं एकमेकांच्या ओट्याला पाय लावत नाहीत. सरांचं विश्लेषणवाल्यांचं : आधी शब्दाचा अर्थ नेमका सांगा, मग बोला. मानसिंगरावांचं युरोप खंडातलं : माणसाचं जगणं व्याख्येत मावत नाही.

तिसऱ्याच ओळीला मानसिंगराव म्हणाले, "लिहा, मानपान यथायोग्य."

सरांचं पेन थांबलं. "यथायोग्य म्हणजे नेमकं किती?"

"ते मोजता येत नाही, सर. अनुभवावं लागतं."

"मग त्या शब्दाला अर्थच नाही."

"अर्थाला तळ नसतो."

धनश्रीचे वडील सोनबा ताठ झाले. "तळ न्हाई? म्हंजी मागतच ऱ्हाणार व्हय?"

"आमी कुठं काय मागितलं?" मुलाची आई फुलाबाई कडाडल्या. "तुमचेच सर टोप्या-टॉवेल मोजाया बसल्यात."

सर मिटवायला गेले. "विहीणबाई, मागणी वेगळी, अपेक्षा वेगळी. तुमची कोणती?"

मानसिंगरावांनीही हातभार लावला. "प्रत्येक अपेक्षेच्या मुळाशी एक पोकळी असते."

फुलाबाई उठून चपला शोधू लागल्या.

तेवढ्यात धनश्री आतून आली. डोळे भरलेले. तिने काकांच्या हातातून पेन ओढलं, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'मानपान कुणी कुणाला करायचा नाही.' मुलाने सगळ्यांत आधी सही ठोकली.

"ह्येच बरं," म्हणत फुलाबाई परत टेकल्या. सोनबांनी सही केली ती सरांकडे न बघता.

दोघे विद्वान गुपचूप ओट्यावर जाऊन बसले. पोरीचं वाक्य उत्तम, यावर त्यांचं एकमत झालं. मात्र ते नेमकं आहे म्हणून उत्तम, की त्यात बंड आहे म्हणून, इथे गाडी अडली. या नादात जीप कधी गेली, दोघांनाही कळलं नाही.

"अगं, पाहुणे मानसिंगरावांना विसरून गेले," सर घाईने आत जाऊन म्हणाले.

सगुणाबाईने परातीत आणखी दोन भाकऱ्यांचं पीठ ओतलं. "इसरून न्हाई गेले. ठिवून गेल्यात."