रोग चौघडियात विमान उडवावे काय?

वैमानिक होण्यासाठी सर्वांत आधी लागते ती जमीन. आकाश नंतर, सवडीने. हे सत्य आमच्या धारवदरच्या श्री गगनविहार विमान प्रशिक्षण संस्थेत प्रत्येकाला साधारण सातव्या महिन्यात उमगते. ते पहिल्याच दिवशी उमगावे, म्हणून प्रवेशेच्छूंसाठी ही माहिती देत आहे. मी या संस्थेत चौदा वर्षे हवामानशास्त्र शिकवतो. एवढ्या काळात मी सोडून सगळे शिक्षक बदलले. (हवामान शिकवणाऱ्याला विमान कंपन्या पळवून नेत नाहीत.)

पात्रता सोपी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, इंग्रजी बोलता यावे, आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार पडावी. ही तपासणी सर्वांत आधी करावी असे संस्था सुचवते. सौराष्ट्रातला क्रम मात्र ठरलेला आहे: आधी समाजाच्या वाडीत, म्हणजे ज्ञातीच्या सभागृहात, सत्कार, मग चौकात फलक, मग फी, आणि सर्वांत शेवटी डोळे. मागच्या वर्षी एका सत्कारमूर्तीला तांबडा आणि हिरवा सारखाच दिसतो असे निघाले. त्याच्या फलकाची रंगसंगती सुरेख होती, असे बाकी सर्वांचे मत आहे. (फीचा आकडा फोनवर विचारू नये. प्रत्यक्ष यावे. आधी खुर्ची देतात, मग पाणी, मग आकडा.)

परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागते. त्यासाठी संस्थेकडे पाच विमाने आहेत. पहिले उडते. दुसरे पहिल्याला सुटे भाग पुरवते. तिसरे परदेशातून येणाऱ्या एका भागाची वाट पाहते, चौथे दिल्लीहून येणाऱ्या एका कागदाची. पाचवे फाटकाशी उभे असते. ते पालकांनी फोटो काढण्यासाठी आहे आणि रोज धुतले जात असल्याने सर्वांत नवे दिसते. विद्यार्थी ब्याण्णव आहेत. याचा भागाकार करू नये. गणितात ज्यांना चांगले गुण होते त्यांनी तो केला आणि त्यांची झोप उडाली.

धावपट्टी संस्थानिकांच्या काळातली, भक्कम आहे. तिच्यावर सकाळी नीलगायी बसतात, कारण डांबर रात्रभर उबदार राहते. त्यांना हटवायला जीप आहे. जीप आली की त्या उठतात, जीप गेली की परत येतात. या व्यवस्थेला दोन्ही बाजूंची मान्यता आहे.

आता शिक्षकांविषयी. उड्डाण शिकवणारा शिक्षक हा मुळात विमान कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहणारा वैमानिक असतो. बोलावणे आले की तो जातो. नवा येतो, विद्यार्थ्याबरोबर एक चक्कर मारतो आणि म्हणतो, ‘तुला हे सगळं चुकीचं शिकवलंय.’ मग पहिल्या धड्यापासून सुरुवात होते. विद्यार्थ्यांचा पाया आमच्याइतका पक्का अन्य कोणत्याही संस्थेत होत नसेल. काहींचा चार वेळा झाला आहे.

हेत्वी डोबरिया या विद्यार्थिनीचा तीन वेळा झाला होता. चौदा महिन्यांत तिसऱ्या शिक्षिका, कॅप्टन इप्सिता मोहंती. मूळच्या कटकच्या, वय सत्तावीस, बोलणे मोजके. त्यांनी हेत्वीला पहिल्या एकट्या उड्डाणापर्यंत आणले, आणि त्याच आठवड्यात त्यांना बंगळूरुहून बोलावणे आले. मंगळवारी दुपारच्या गाडीने त्या निघणार होत्या. म्हणजे हेत्वीचे उड्डाण मंगळवारी सकाळी, नाहीतर चौथा शिक्षक आणि पहिला धडा. तिचे वडील जेंतीभाई यांची शेंगदाणा तेलाची घाणी आहे, माणूस शांत. त्यांनी एवढेच सांगून ठेवले होते, ‘चौथा मास्तर आला तर बी.एड.’

पहिले एकटे उड्डाण पाहायला कोणी यावे असा नियम नाही. कोणी येऊ नये असाही नाही. मंगळवारी पहाटे दोन बसमधून एकोणऐंशी नातेवाईक आले. सोबत ढोल, गाठिया, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारो, आणि ‘समाजाचे गौरव कॅप्टन हेत्वीबेन’ असा बारा फुटी फलक. शिवाय हेत्वीचे घनश्याममामा आणि त्यांच्या काखेत पंचांग.

मामांच्या सल्ल्याशिवाय डोबरियांच्या घरात कुकरसुद्धा चढत नाही. सहा पन्नासला त्यांनी पंचांग उघडले आणि मिटले.

‘आत्ता रोग चालू आहे,’ ते म्हणाले. ‘सव्वाआठपर्यंत. मग उद्वेग. मग चल. अकरा अठराला लाभ लागतो. तेव्हा उडव, बेटा.’

(दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडून त्यांना बरी-वाईट नावे देतात, ते चौघडिये. आमच्याकडे दुकान, साखरपुडा आणि ट्रॅक्टर यांची सुरुवात त्यावर ठरते. विमान या नियमात नव्याने बसत होते.)

‘अकराला आडवा वारा असतो, मामा,’ हेत्वी म्हणाली. ‘आठनंतरच सुटतो. नवख्याला एकट्याने सोडतच नाहीत.’

‘मग वाऱ्याला सांगा थोडं थांबायला.’

‘सांगते. तुमचं पंचांग द्या, त्याला दाखवते.’

‘बघा, बघा जेंतीभाई. अजून वर गेली नाही, तोवर हवेत आहे.’

‘रोगात उडवलं तर काय होणार, मामा? विमानाला ताप येणार?’

हेत्वीच्या आत्या, फुईबा, गाठिया वाढता वाढता म्हणाल्या, ‘तापाचं नाव काढू नको गं, तोंडाला येईल ते बोलते.’

जेंतीभाईंनी कॅप्टन मोहंतींकडे पाहिले. ‘मॅडम, तुमचं काय म्हणणं?’

‘माझं काही म्हणणं नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘सातला वारा शून्य. अकराला अठरा नॉट. माझी गाडी दोनला. मुलगी तयार आहे. मी तिला सोडायला तयार आहे. तुम्ही ठरवा.’

जेंतीभाईंनी घनश्याममामांकडे पाहिले. मामांनी आकाशाकडे. हेत्वीने कोणाकडेच पाहिले नाही. ती विमानाच्या पंखाखाली वाकून इंधनात पाणी तर नाही ना, हे तिसऱ्यांदा तपासत होती.

तेवढ्यात मामांना माझे आडनाव आठवले. ‘त्रिवेदीसाहेब,’ ते म्हणाले, ‘तुम्ही ब्राह्मण, त्यात आकाशाचं शिकवता. तुम्हीच सांगा, रोगात चालेल का?’

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने द्यावे. मी त्यांना उड्डाणवहीतला वेळेचा रकाना दाखवला. विमानविद्येत, मी सांगितले, घड्याळ इथले नसते. जगभर सगळी विमाने लंडनजवळच्या ग्रीनिचच्या वेळेने चालतात. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्याला माझा इलाज नाही.

मामा वाकून रकाना पाहत राहिले. ‘म्हणजे आत्ता वहीत किती वाजलेत?’

‘रात्रीचे एक वीस.’

‘मग वार सोमवारच?’

‘तुमच्या शास्त्रात वार कधी बदलतो?’

‘सूर्योदयाला.’

‘मग तिथे अजून सोमवारच.’

मामा बसच्या पायरीवर बसले. त्यांनी चष्मा चढवला, सोमवारच्या रात्रीचे पान काढले आणि माझ्याकडे लंडनचे सूर्यास्त-सूर्योदय मागितले. ते माझ्या तक्त्यात होते. पुढचे गणित त्यांनी स्वतः केले, दोनदा केले, आणि अगदी बिनचूक केले. (माझ्या वर्गात एवढ्या वेगाने ते कोणाला जमत नाही.)

‘आपल्या सात वाजून चार मिनिटांनी तिथे शुभ लागतो,’ त्यांनी जाहीर केले. ‘त्याच्यामागे अमृत.’

‘आणि आत्ता?’ जेंतीभाईंनी विचारले.

‘सहा सत्तावन्न.’

‘मग बसलात काय? सात मिनिटं उरलीत. आवरा ते गाठिये.’

कॅप्टन मोहंतींनी हेत्वीशेजारी बसून सगळी बटणे एकदा तपासली आणि त्या विमानातून उतरल्या. उतरताना हेत्वीला म्हणाल्या, ‘मी नाही म्हणजे विमान हलकं. लवकर उठेल, घाबरू नको. एक चक्कर, उतर, थांब.’ दार लावून त्या धावपट्टीच्या कडेला वॉकीटॉकी घेऊन उभ्या राहिल्या.

सात पाचला विमान उठले. लवकरच उठले. ढोल वाजला. विमान डावीकडे वळले, घाणीच्या धुराड्यावरून गेले, परत आले, खाली खाली आले, आणि अगदी टेकणार तोच चार नीलगायी पट्टीवर चढल्या. जीप दुसऱ्या टोकाला होती. मॅडमनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि बोलल्या काहीच नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता.

इंजिनाचा आवाज वाढला. विमान नीलगायींच्या डोक्यावरून पुन्हा वर गेले.

‘वाह,’ घनश्याममामा म्हणाले, ‘दुसरी चक्कर पण मारते पोरगी.’ एकोणऐंशी जणांनी टाळ्या वाजवल्या. नीलगायी हटल्या. सात एकोणीसला विमान उतरले, एक उडी घेऊन, मग शहाण्यासारखे.

मॅडमनी वहीत चौदा मिनिटे लिहिली, खाली सही केली आणि म्हणाल्या, ‘मी तोंडाशी आलेलं बोलले असते, तर तिला पुढेही माझी वाट बघायची सवय लागली असती.’ दुपारच्या गाडीने त्या गेल्या. चौथा शिक्षक आला. त्याने हेत्वीला सांगितले की तिला सगळे चुकीचे शिकवले आहे. परंतु एकटे उड्डाण वहीत आहे, ते पुसता येत नाही, त्यामुळे बी.एड. बारगळले.

प्रवेशेच्छूंनी यापुढील व्यवस्था लक्षात घ्यावी. संस्थेच्या दारात आता खडूने लिहायचे दोन फळे आहेत. एकावर मी वाऱ्याची दिशा लिहितो, दुसऱ्यावर घनश्याममामा लंडनचे चौघडिये. पहिल्या फळ्यापुढे सरासरी तीन माणसे उभी असतात, दुसऱ्यापुढे सत्तावीस. पालकांच्या तक्रारी एकसष्ट टक्क्यांनी घटल्या आहेत. गावातल्या दोन सोनारांनी आणि एका दंतवैद्याने वेळापत्रकाची प्रत नेली आहे. सकाळची उड्डाणे वेळेवर होतात, म्हणून संस्थाचालकही खूश आहेत. विज्ञान आणि परंपरा यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच आढळेल.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी राहून गेली. हेत्वी चौदा मिनिटे वर एकटी होती. शेजारची खुर्ची रिकामी, खाली नातेवाईक शेंगदाण्याएवढे, आणि समोर नीलगायी आल्या तेव्हा काय करायचे ते सांगणारे कोणी नव्हते. ती उतरली, कानावरचे यंत्र काढले आणि काही सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रीतीप्रमाणे तिच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतली गेली, मग फलकाजवळ फोटो झाले, मग गाठिये उरले होते ते संपवायचे होते. वर कसे वाटले, हे तिला कोणी विचारले नाही. (मीही नाही, मी मामांना अमृत संपण्याची वेळ काढून देत होतो.)

आमच्यावर रागावू नका. तुम्ही स्वतः ग्रीनिचचे नाव निघाल्यापासून मनगटाकडे बघत साडेपाच तास वजा करत आहात, आणि तिला विचारायचे तुमच्याही लक्षात आले नाही. प्रवेश सुरू आहेत.