सुतकातलं तळण

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाचायला शिकले ती सुरतेतल्या दुकानांच्या पाट्यांवरून, आधी गुजराती आणि मग मराठी. त्यामुळे कुठे ज्ञान दिसलं की मी ते सोडत नाही. परवा मोबाइलवर दिसलं: डिझेलची गाडी खाण्याच्या तेलावर चालते!

डिंडोलीत माझी भज्यांची लारी, म्हणजे हातगाडी आहे. (पाटी वाचा: 'शुद्ध सिंगतेलातली भजी'. सिंगतेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल. अक्षर माझंच आहे.) तळून उरलेल्या तेलाचे डबे घरात पडलेले, आणि पोरगा गोपाल साड्यांचे गठ्ठे वाहायला जुना डिझेल टेम्पो चालवतो. मग डिझेल विकत कशाला घ्यायचं?

"आई, इंजन बिगडी जशे!" गोपाल चिडला की गुजरातीत जातो.

"तुझा बाप जन्मभर हेच तेल खाऊन चालला. बिघडला का?"

"बाबांचं बायपास झालंय."

"चालतो ना पण?"

कढईतलं कोमट तेल जुन्या सुती साडीतून गाळलं आणि टाकीत ओतलं. टेम्पो खोकला, शिंकला, निघाला. मागून धूर सुटला तो कांदाभज्यांचा! सिग्नलला एका रिक्षावाल्यानं दोन प्लेट मागितल्या, "मासी, बे प्लेट!" माझी छाती टेम्पोच्या हौद्याएवढी झाली.

त्याच तोऱ्यात चलथाणला वेणूबाईच्या दारावर बसायला गेले. वेणूबाई माझी जुनी मैत्रीण. तिचे मालक नुकते वारले होते, अजून दहावा व्हायचा होता. आता आम्ही खान्देशी माणसं. सुतकाच्या घरात कढई चढत नाही. तळणाचा वास आला तर मयताचा अपमान. (हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण टेम्पोलाही सुतक पाळावं लागतं हे कुणाच्या डोक्यात येईल?)

गोपालनं टेम्पो मागे घेत घेत नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावला. मी आत जाऊन गळा काढणार, तोच वेणूबाईची लेक जयश्री कडाडली, "भजी! बाप जाऊन दहावा नाही झाला आणि या घरात भजी तळताय?"

आत एकटी सून, सुषमा. नवीन, गरीब गाय. हातात वरणाचा डाव.

"ताई, मी फक्त वरण..."

"मला नाक आहे! दादा, हिला आजच्या आज माहेरी घाल."

दादा भाऊबंदांकडे बघू लागला. भाऊबंद नुसतेच खोल खोल श्वास घेऊ लागले. सुषमा रडायला लागली. पोरीचा संसार माझ्या धुरात चालला होता.

"तोंड आवर, जयश्री!" मी म्हटलं. "वास माझ्या टेम्पोचा आहे."

"टेम्पो भजी तळतो का?"

"दाखवते की!"

पण भाऊबंद म्हणाले, थोरल्या बाबुरावकाकांसमोर होऊ दे. काका आंघोळ करून, टोपी शोधून येईपर्यंत टेम्पो थंडीत पार गारठला. गोपालनं सेल मारला. घर्र... घर्र... गप्प.

"आई, तेल गोठलं. पाइपात तूप झालंय."

"खोटारडी!" जयश्री म्हणाली.

मी पदर खोचला. "पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापलंय ना? आणा इकडे!" बादल्याच्या बादल्या टाकीवर ओतल्या, पाइपावर ओतल्या. (एवढी आंघोळ गोपालनंही कधी केली नाही.) शेवटी टेम्पो खोकला, आणि असा धूर सोडला की कांदा, बटाटा, मिरची वेगवेगळं ओळखू यावं. गल्लीतली कुत्री शेपट्या हलवत आली. बाबुरावकाकांनी डोळे मिटून श्वास भरून घेतला, परत एकदा घेतला आणि निकाल दिला, "सुनेची चूक नाही."

जयश्री सुषमाच्या हातातला डाव घेऊन आत गेली. मी शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

वेणूबाई, मालक गेल्यापासून कुणाशी अक्षर न बोललेली, उंबऱ्यातून उठून टेम्पोपाशी आली. टाकीच्या तोंडाशी पांढरा गोळा अजून चिकटलेला होता, तो बोटावर घेऊन चोळला. आणि बाजाराला आले की माझ्याच लारीवर खाणाऱ्या त्या सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली,

"काय गं मालती, सिंगतेल असं गोठतं का?"

गोठत नाही. पामतेल गोठतं. तो मोबाइलवाला मेला हे बोलला नव्हता.

आता पाटीवर नुसतं 'भजी' आहे. अक्षर माझंच आहे.