बाबा उभ्याने का जेवतात?

सुरुवातीलाच जाहीर करतो: माझे बाबा आता खुर्चीत बसतात. मध्यंतरी ते बसू शकत नव्हते, असं काही घडलेलंच नाही. जे घडलं नाही, ते आता सविस्तर सांगतो.

मी आरोग्य केंद्रात परिचारक आहे. ड्रेसिंगची खोली माझ्या ताब्यात. रुग्णाचं गुपित पोटात ठेवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय!

एका सकाळी ड्रेसिंगला खुद्द बाबाच आले. बसायच्या नेमक्या जागी गळू! चांगलं टोमॅटोएवढं. डॉक्टरीणबाईंनी चीर दिली, मी पट्टी केली. पालथं पडल्या पडल्या बाबांनी भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली.

"'रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही देऊ नये.' कुणालाही म्हणजे तुझ्या आईलाही ना?"

"हो."

"मग तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तिला कळलं की तुझ्या मावशीला कळणार. आणि मावशीला कळलं की मला घर बदलावं लागेल!"

रात्री बाबा फ्रिजवर ताट ठेवून उभ्याने जेवू लागले. आईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय झालंय रे यांना?"

"कायद्याने सांगता येत नाही."

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. "म्हणजे दवाखान्यात आले होते?"

"तेही सांगता येत नाही."

"इतकं वाईट आहे?" तिने गॅस बंद केला.

मला राहवेना. धावत बाबांकडे गेलो. "परवानगी द्या, बाबा. आई घाबरलीय."

"खबरदार!" बाबा ताटातून मान न काढता म्हणाले. "कर्तव्य म्हणजे कर्तव्य."

मी परत येऊन आईला म्हटलं, "मी बांधील आहे." आई मटकन खाली बसली. घरातलं कुणीतरी बसलं, तेवढंच समाधान.

ताटं उचलायच्या आत मावशी हजर! सोबत तिचे यजमान, म्हणजे आमचे वकीलकाका. काकांनी माझी उलटतपासणी घेतली आणि निकाल दिला, "पोरगा कायद्याने बरोबर आहे. म्हणजेच प्रकरण गंभीर आहे." मग हळूच बाबांना विचारलं, "मृत्युपत्र केलंय का?"

"कुणाचं?" बाबा म्हणाले.

मावशीने हुंदका दिला. "भाऊजी, किती ताठ राहाल हो! माणसानं शेवटी दोन घटका टेकावं." आणि तिने बाबांचे दोन्ही खांदे धरून त्यांना प्रेमाने, पूर्ण वजनानिशी, लाकडी खुर्चीत बसवलं.

बाबा रॉकेटसारखे वर! "गळू आहे, गळू! बसायच्या जागी!"

खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला.

"एवढंच?" आईने डोळे पुसले. "आणि मी मघापासून तुमच्यामागे कसं जगायचं याचा विचार करतेय! व्हा पालथे!"

मला वाटलं, आता माझी चंपी होणार. झालं भलतंच! सख्ख्या आईलाही न सांगणारा माणूस म्हणून माझी कीर्ती नात्यात पसरली. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या रांगेत मावशी पहिली. "तुझ्या काकांना कळू देऊ नकोस हं." तिची पाठ वळते न वळते तोच तोंडावर रुमाल धरून काका. "मावशीला सांगू नकोस." आता सगळ्यांचं सगळं मला ठाऊक आहे. जेवताना घासासाठी तोंड उघडलं, तरी अख्ख्या पंगतीचे हात थांबतात!

सबब मा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की कर्मचाऱ्याच्या हक्कांचा सहानुभूतीने विचार करून, माझी बदली न करता, माझ्या सर्व नातेवाइकांची (मावशीपासून सुरुवात करून) दूरच्या केंद्राच्या हद्दीत तातडीने बदली करण्यात यावी.